‘फिटिंग फ्री’ची पाटी खाली उतरवा



जुन्या गाडीचे मागचे स्पीकर बदलायचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, मला पण कार ॲक्सेसरीजचं छोटं दुकान टाकायचंय. पण आमच्या भागात सगळे फिटिंग फुकट देतात. मी मजुरी मागितली तर गिऱ्हाईक उभं राहील का?"

माझं उत्तर सरळ आहे. फुकट फिटिंग देणारं दुकान टाकणार असाल, तर टाकू नका. तोट्याचा मुद्दा आहेच, पण त्याहून मोठा मुद्दा असा की फुकट फिटिंग दुकानदाराला हळूहळू खोटं बोलायला लावते. हे पटवून द्यायला मागच्या स्पीकरचंच काम उदाहरण म्हणून घेऊ. काम छोटं आहे, पण या धंद्याचं सगळं गणित त्यात दिसतं.

जुनी गाडी म्हणजे मेलेलं गिऱ्हाईक नव्हे

आधी एक गैरसमज दूर करतो. "जुन्या गाड्या आता राहिल्यातच किती? सगळ्या स्क्रॅपला जाणार," असं बरेच जण म्हणतात. दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांवरच्या बंदीच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्या दिल्ली-एनसीआरच्या आहेत. आपल्याकडे खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर गाडी तपासून पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर भरावा लागतो.

धंद्याच्या नजरेनं याचा अर्थ बघा. एवढे पैसे भरून, आरटीओच्या फेऱ्या मारून ज्यानं जुनी वॅगन आर किंवा सँट्रो पुढे चालू ठेवली, तो माणूस ती गाडी आता पाच वर्षं सोडणार नाही. तो नवीन गाडी घेत नाहीये, म्हणजे आहे त्या गाडीत छोटी छोटी कामं करून घेणार. सीट कव्हर, वायपर, हॉर्न, आणि हो, स्पीकर. नव्या गाडीवाल्याला कंपनी टचस्क्रीनसकट सगळं देते. तुमचं खरं गिऱ्हाईक जुनी गाडीवाला आहे.

काम दिसतं अर्ध्या तासाचं, लागतात दोन तास

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा असा जातो. एका बाजूला खाडी, मिठागरं, पुढे समुद्र. इथल्या हवेत मीठ आणि ओल कायम. स्पीकरच्या टर्मिनलवर हिरवा थर चढतो, स्क्रू गंजून डोकं गुळगुळीत होतं. मागच्या काचेतून ऊन थेट ट्रेवर पडतं, त्यामुळे कागदी कोन कडक होतो आणि कडेचा फोम हात लावला की भुगा होऊन पडतो. दरवाजात बसवलेले स्पीकर असतील तर पावसाचं पाणी वेगळंच. दरवाजाच्या आत पाणी येतंच, ते खालच्या भोकांतून निघून जावं अशीच रचना असते. स्पीकरला त्या पाण्यापासून वाचवतो तो डोअर पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा. आधीच्या फिटरनं तो फाडून टाकलेला असेल, तर नवीन स्पीकरही दोन पावसाळ्यांत जाणार.

शिवाय जुन्या छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत मागे कंपनीची स्पीकरची जागाच नव्हती. कुणीतरी कधीतरी ट्रे कापला, लाकडी पट्टी ठोकली, वायर पिळून टेप गुंडाळली. तो टेप उन्हानं चिकट झालेला. क्लिपा इतक्या वाळलेल्या की काढताना तुटणारच. जुन्या स्पीकरचं भोक आणि नव्या स्पीकरचं भोक जुळत नाही, मग रिंग लावा किंवा भोक वाढवा. आणि पत्र्यामागे काच आहे, वायरिंग आहे की सीटबेल्टची यंत्रणा आहे हे बघितल्याशिवाय ड्रिल चालवायचं नाही.

म्हणजे नवीन गाडीत जे काम अर्ध्या-पाऊण तासात होतं, तेच जुन्या गाडीत सहज दोन तास खातं. पाटीवर मात्र दोघांना एकच शब्द, ‘फ्री’.

आता वही-पेन घ्या

हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे स्वतःचे टाका. समजा दुकानाचं भाडं १५,०००, हेल्परचा पगार १५,०००, लाइट, नेट, चहा-पाणी ४,०००. महिन्याचा खर्च ३४,०००. महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. पण दुकानात आठही तास हाताला काम नसतं. निम्मे तास काम धरलं तर १०४ तास. ३४,००० भागिले १०४, म्हणजे कामाचा एक तास तुम्हाला ३२७ रुपयांना पडतो. यात तुमचा स्वतःचा एक रुपयाही धरलेला नाही.

आता स्पीकरची जोडी १,४०० ला आणली, १,८०० ला विकली. सुटले ४००. फिटिंगला दोन तास, म्हणजे ६५४ रुपये. क्लिपा, स्क्रू, वायर, टेप धरून ६०. एकूण खर्च ७१४. हातात आले ४००. एका गाडीमागे ३१४ रुपये तुम्ही खिशातून घातले, आणि गिऱ्हाईक जाताना म्हणालं, "भाऊ, अजून शंभर कमी करा ना."

धंदा शिकवताना मी एक गोष्ट सारखी सांगतो. गल्ला भरलेला दिसतो म्हणून धंदा चाललाय असं नाही. १,८०० रुपये गल्ल्यात आले तेव्हा बरं वाटतं. ३१४ गेले ते दिसत नाहीत, ते महिन्याअखेरीला भाडं देताना दिसतात.

फुकट फिटिंग खोटं बोलायला लावते

हा माझा मुख्य मुद्दा आहे, म्हणून शांतपणे वाचा.

गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मागचे स्पीकर गेलेत, बदलून द्या." ते खरंच गेलेत का? नेहमीच नाही. कधी टेपच्या सेटिंगमध्ये आवाज सगळा पुढे सरकवलेला असतो. कधी वायर सुटलेली असते. कधी टेपचंच मागचं चॅनल गेलेलं असतं, तिथे नवीन स्पीकर लावूनही शांतताच.

तुमच्या पाटीवर ‘फिटिंग फ्री’ असेल, तर तुमची कमाई फक्त माल विकण्यात आहे. वायर सुटलीय असं खरं सांगितलंत तर मिळणार शून्य. स्पीकर गेलेत म्हणालात तर निदान गल्ल्यात माल विकल्याचे पैसे येतात. असं महिनाभर रोज झालं की चांगला माणूसही म्हणायला लागतो, "हो काका, गेलेच आहेत, नवीन टाकू." सुरुवातीला जीभ अडखळते, नंतर सवय होते. ज्या दुकानात खरं बोलण्याला मोल नाही, तिथे खरं बोलणं टिकत नाही.

याउलट तपासायचे पैसे लावलेत तर काय होतं? समजा तपासणी अर्ध्या तासाची, २०० रुपये. सुटलेली वायर जोडून पक्की करायला आणखी अर्धा तास, ३०० रुपये. एका तासात ५०० आले, खर्च ३२७ आणि वर २० रुपयांचं सामान. राहिले १५३.

आणि पूर्ण काम केलंत तर? तपासणीचे २००, मालातले ४००, फिटिंगची मजुरी ६००. एकूण १,२००. वेळ अडीच तास, खर्च ८७८ च्या आसपास. राहिले ३२२, म्हणजे तासाला १२९.

बघितलंत? दर नीट लावला की खरं सांगून वायर जोडणं हे स्पीकर विकण्यापेक्षा तासाला जास्त देतं. आणि त्यात माल भरायला पैसा अडकत नाही. प्रामाणिकपणासाठी खिसा रिकामा करावा लागत नाही, त्यासाठी फक्त दर लावावा लागतो.

बरेच दुकानदार म्हणतात, "तपासणीचे पैसे घेऊ, पण माल घेतला तर वळते करू." मी याच्या विरोधात आहे. वळते केले की पुन्हा तीच ओढ सुरू. माल घेणाऱ्याला तपासणी फुकट, न घेणाऱ्याला दंड. तपासणी हे वेगळं काम आहे, त्याचे पैसे वेगळेच राहू द्या.

२०० रुपयांत काय द्यायचं

पैसे घ्यायचे तर काम दिसलं पाहिजे. गिऱ्हाइकाला शेजारी उभं करून क्रमाने करा.

१. टेपच्या सेटिंगमध्ये आवाज पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेऊन बघा. कुठला स्पीकर गप्प आहे ते इथेच कळतं.

२. मागच्या स्पीकरच्या वायरी टेपमागून काढून पुढच्या आउटपुटला लावून बघा. आता मागचे वाजले तर दोष टेपमध्ये. बाहेरून घेतलेल्या टेपच्या मागे सहसा हिरवी जोडी मागचा डावा आणि जांभळी जोडी मागचा उजवा असते. त्यातली काळ्या पट्ट्याची वायर मायनस.

३. स्पीकरच्या वायरी सोडून टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर चांगला असेल तर साधारण ३ ते ४ च्या मध्ये आकडा येतो. आकडाच येत नसेल तर कॉइल तुटलीय. शून्य आला तर शॉर्ट.

४. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलला टेकवा. "कट" असा आवाज आला तर जीव आहे. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. एका बाजूची वायर उलटी लागली असेल तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा आवाज खातात आणि बेस गायब होतो. नवीन स्पीकर नको, फक्त वायर सुलटी करा.

५. कोन बोटांनी हळू दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय. मग मात्र स्पीकर बदलायलाच हवा.

हे सगळं कागदावर चार ओळींत लिहून द्या. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा कुणीतरी डॉक्टरसारखं तपासून सांगितलेलं असतं. त्याचे २०० रुपये त्याला जड जात नाहीत.

कधी "नको" म्हणायचं

मजुरी लावणाऱ्या दुकानदाराला आणखी एक चैन परवडते. त्याला "हे घेऊ नका" म्हणता येतं.

पुढचेही स्पीकर जुने आहेत आणि बजेट एकाच जोडीचं आहे? मग पुढचे बदला म्हणून सांगा. गाडी चालवणारा पुढे बसतो, त्याला आवाज समोरून यायला हवा. मागचे स्पीकर आवाज भरायला असतात. हे सांगितलंत की गिऱ्हाईक दचकतं, कारण तो मागचे घ्यायला आला होता आणि तुम्ही त्याला थांबवलंत. पण तो पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतो.

खोक्यावर ‘५०० वॅट’ लिहिलंय म्हणून भुलू नका, गिऱ्हाइकालाही भुलवू नका. टेपवर ‘५० गुणिले ४’ छापलेलं असतं तो क्षणभराचा कमाल आकडा. चालू गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. वेगळा ॲम्प्लिफायर नसेल तर ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून स्वच्छ आवाजाचे गणितानं २६ वॅटच निघतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघा. ९० डेसिबलच्या वर असेल तर साध्या टेपवरही स्पीकर मोकळा वाजतो. हा आकडा ३ डेसिबलनं वाढला तर तेवढ्याच आवाजाला निम्मीच पॉवर लागते. आणि एकाच चॅनलवर दोन जोड्या समांतर जोडून देऊ नका. ४ ओहमचे २ ओहम होतात, टेप तापतो, मग शिव्या तुम्हालाच.

सहा बाय नऊचे ओव्हल ट्रेवर नुसते ठेवून द्या म्हणणारेही येतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. मॅग्नेटवाला जड स्पीकर अचानक ब्रेक लागला की पुढे उडतो, आणि मध्ये मागे बसलेल्यांची डोकी असतात. बोल्ट टाकून, खाली आधार देऊनच बसवायचे. हे काम मजुरीचं आहे, फुकटचं नाही.

ऑनलाइन माल घेऊन आलेलं गिऱ्हाईक

यावर दुकानदारांचा जीव जळतो. गिऱ्हाईक खोकं घेऊन येतं, "ऑनलाइन घेतले, फक्त बसवून द्या." बरेच जण तोंड फिरवतात.

मला सांगा, पिठाच्या गिरणीत तुम्ही गहू कुठून आणलेत असं गिरणीवाला विचारतो का? दळणाचे पैसे घेतो, पीठ देतो. शिंप्याकडे कापड बाहेरून नेलं तर तो शिलाई सोडतो का? आपल्या बापजाद्यांनी हे धंदे असेच चालवले. माल कुणाचाही असो, हाताच्या कामाचा दर वेगळा. आपणच मध्येच कुठेतरी ते विसरलो.

भावात तुम्ही ऑनलाइनला हरवू शकत नाही. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडलाही हरवू शकत नाही. भाईंदरहून लोकल पकडून माणूस ग्रँट रोडला उतरतो आणि स्वस्तात घेऊन येतो. पण ऑनलाइनवाला राईत येऊन गंजलेला स्क्रू काढून देत नाही. तुमच्याकडे विकायला असलेली खरी गोष्ट म्हणजे घराजवळचा, ओळखीचा, भरवशाचा हात.

म्हणून दोन दर ठेवा आणि लपवू नका. वरच्या हिशोबात माल दुकानाचा असेल तर मजुरी ६००, माल बाहेरचा असेल तर ९००. कुणी विचारलं तर सांगा, "माल माझा असला तर त्यात मला थोडं सुटतं, म्हणून मजुरी कमी घेतो." खर्च ७१४ जाऊन १८६ राहतात. आणि बाहेरच्या मालावर एकच अट, बिलावर लिहून: वॉरंटी फिटिंगची माझी, स्पीकरची ज्यानं विकला त्याची.

"पण सर, गिऱ्हाईक पळेल"

काही पळतील. हे गोड बोलून झाकणार नाही. जे फक्त फुकटासाठी येतात ते शेजारच्या दुकानात जातील, आणि ३१४ रुपयांचा खड्डा पण तिकडेच पडेल. तुम्हाला सगळी गिऱ्हाइकं नकोच आहेत. परत येणारी हवी आहेत.

नवीन दुकान आहे, ओळख नाही, पहिले दोन-तीन महिने हात आखडता घेणं अवघड आहे, हे मला मान्य. मग सूट द्या, पण बिलावर दाखवून द्या. ‘मजुरी ६००, उद्घाटन सूट ३००, घेतले ३००.’ फुकट आणि सूट यात फरक आहे. सूट दिसली की गिऱ्हाइकाला मूळ किंमत कळते. फुकट दिलं की किंमतच शून्य ठरते, आणि उद्या पैसे मागितले तर तुम्हीच चोर ठरता.

आपल्या मराठी मुलांची एक अडचण मला रोज दिसते. काम उत्तम करतात, पण पैसे मागताना मान खाली. "राहू द्या काका, काय ते द्या." भीड ही भिकेची बहीण, असं घरातली मोठी माणसं उगीच म्हणत नाहीत. दर पाटीवर लिहिला की तोंडानं मागावा लागत नाही. पाटी तुमच्या वतीनं बोलते.

हेल्परच्या बाजूनंही बघा

फुकट फिटिंगमध्ये सगळ्यात जास्त मरतो तो हेल्पर. दुकानात फिटिंगची किंमत शून्य, म्हणजे त्याच्या हाताच्या कौशल्याची किंमत शून्य. आयटीआय केलेला, मल्टिमीटर धरता येणारा मुलगा असला तरी मालक त्याला झाडू मारणाऱ्या पोऱ्याच्या भावातच धरतो. मग तो सहा महिन्यांत सोडून जातो आणि तुम्ही पुन्हा नवीन मुलाला वायर सोलायला शिकवत बसता. मजुरी वेगळी लावलीत तर त्यातला एक हिस्सा, समजा प्रत्येक कामामागे ५० किंवा १०० रुपये, त्याच्या नावावर टाकता येतो. मग तो क्लिप तोडणार नाही, जपून काढेल. कारण काम परत आलं तर त्याचेही पैसे जातात.

या आठवड्यात करायची कामं

आपल्या महिन्याच्या खर्चातून तासाचा भाव काढा, वर दाखवलाय तसा. त्यावरून तीन ओळींची पाटी लिहा: तपासणी, नवीन गाडीतलं फिटिंग, जुन्या गाडीतलं फिटिंग. माल बाहेरचा असेल तर किती, तेही लिहा. प्रत्येक कामाचं बिल द्या, माल आणि मजुरी वेगळ्या ओळीत. फिटिंगची वॉरंटी लिहून द्या आणि काढलेले जुने स्पीकर गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवा, त्याला विश्वास वाटतो.

एक गोष्ट जीएसटीची. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण सेवाही देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाख आहे. मजुरी ही सेवा. उलाढाल त्या आसपास जात असेल तर पाटी बदलायच्या आधी सीएकडे एकदा बसा.

आणि ‘फिटिंग फ्री’ची पाटी आधीच लावलेली असेल, तर ती फेकू नका. उलटी करा, मागची बाजू कोरी आहे. त्यावर दर लिहा.

तुमच्या तासाचा भाव किती निघाला ते मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही आकडे घेऊन आपण तुमच्यासमोर दरपत्रक बनवू.